गोचीड मी आणली होती

तीन वर्षांपूर्वी आमच्या घरात जो ताप आला तो मी आणला होता. एवढं एक वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली. धंद्याने मी वकील. दुसऱ्याच्या जबानीतली खोट मला बसल्या जागी कळते, आणि माझी स्वतःची जबानी मात्र पहिल्यापासून खोटी होती.

असा ताप ज्यांना येईल त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. औषधपाण्यातलं मला काही कळत नाही, तेव्हा ते इथे शोधू नका. डॉक्टरने विचारलेल्या प्रश्नाला घरच्यांच्या भीतीने खोटं उत्तर दिलं की काय होतं, एवढंच मला ठाऊक आहे आणि तेवढंच सांगणार आहे.

शुक्रवार

आमचं घराणं या शहरात पाच पिढ्यांचं, सगळे सरकारी नोकर नाहीतर वकील. माझे वडील, नाना, मुन्सिफ म्हणून निवृत्त झाले. त्यांचं सोवळं म्हणजे असं की वाळत घातलेल्या सोवळ्याच्या रेशमी कदाला वाऱ्याने उडालेला धोतराचा सोगा लागला तरी कद पुन्हा पाण्यात. स्वयंपाक गंगाबाईंचा. अकरा वर्षं त्या आमच्याकडे होत्या. नाना दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नसत. नेमाच्या दिवशी माझी बायको सुभद्रासुद्धा चुलीपाशी गेलेली त्यांना चालायची नाही.

मी एका जागीरदारांचं काम बघायचो. शुक्रवारी अदालतीला तातील असते, तेव्हा सकाळी झटका, म्हणजे घोड्याची गाडी, करून त्यांच्या देवडीवर, वाड्यावर, जायचं आणि खटल्यांच्या मिसली चाळायच्या. मिसलींना तास पुरायचा. उरलेला सगळा दिवस मी देवडीच्या मागल्या अंगाला, कुत्र्यांच्या कोठ्यात घालवायचो. घरी वाटायचं, पोरगा सुटीच्या दिवशीही मान मोडून काम करतो. नाना चार लोकांत तसं सांगायचे आणि मी मान खाली घालून ऐकायचो.

जागीरदारांकडे सात कारवानी कुत्रे होते. लांब तोंडाचे, पोट पाठीला लागलेले, सशामागे सुटले की दिसेनासे होणारे. त्यात बिजली नावाची कुत्री होती. मी पायरीवर टेकलो की ती येऊन गुडघ्यावर तोंड ठेवायची आणि मग हलायचं नाव नाही. लहानपणापासून मला कुत्र्यांचं वेड आणि आमच्या घरात कुत्र्याचं नाव काढायची सोय नाही. चाळिशीच्या माणसाने चोरून कुत्र्याच्या कानामागे खाजवायला जावं, हे मला तेव्हाही हास्यास्पद वाटायचं. पण जायचो. परतताना देवडीच्या विहिरीवर अंघोळ करायचो, कोठ्यातला सदरा तिथेच खुंटीला टांगायचो आणि घरचे कपडे चढवून सभ्य माणसासारखा घरी यायचो.

त्या उन्हाळ्यात बिजलीने अन्न सोडलं. अंग तापलेलं, हिरड्या पांढऱ्याफटक, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके. मग नाकातून रक्त यायला लागलं. सलोत्री येऊन बघून गेला. घोड्यांची नाडी ओळखणारा माणूस तो. उष्णता झाली म्हणाला आणि ताक पाजायला सांगितलं. कुत्र्यांचे रखवालदार मस्तानभाई साठीच्या पुढचे होते. त्यांनी बिजलीचा कान उलटा करून मला दाखवला. आत गोचिडी चिकटलेल्या, एकीला लागून एक, फुगून करड्या झालेल्या. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा त्याच. हा चिचड्यांचाच बुखार आहे, असं मस्तानभाईंचं म्हणणं. आधीचे दोन कुत्रे असेच गेले होते.

मी खाली बसलो आणि एकेक गोचीड ओढून काढायला लागलो. मस्तानभाईंनी घासलेटची वाटी पुढे ठेवली होती. काढायची आणि वाटीत टाकायची, ही त्यांची रीत. पण मला राग आला होता. बिजलीचं रक्त पिऊन टरारलेली ती जात वाटीत टाकून माझं समाधान होईना. मी दोन अंगठ्यांच्या नखांत धरून फोडायला लागलो. कलम तासताना अंगठ्याला चाकू लागलेला, ती चीर अजून ओली होती.

"नाखुनां से नक्को मारो वकीलसाब," मस्तानभाई म्हणाले. "उनका खून बुरा रहता."

मी ऐकलं नाही. वीस-पंचवीस तरी मारल्या असतील. बरं वाटलं होतं, हेही कबूल करतो.

सहावा दिवस

पुढच्या शुक्रवारी मला थंडी वाजून ताप भरला. डोकं असं ठणकायचं की डोळे फिरवले तरी कळ यायची. हिवताप म्हणून कोयनेल झालं, वैद्यांचा काढा झाला, सुभद्रेने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. ताप हटेना. माझ्या दोन पेश्या पुढे ढकलाव्या लागल्या. सहाव्या दिवशी मनगटांवर आणि घोट्यांवर लाल पुरळ दिसलं तेव्हा नाना घाबरले आणि डॉक्टर मिर्झांना बोलावणं गेलं.

डॉक्टरांनी माझे तळहात उघडले, तळपाय बघितले. पुरळ तिथेही आलं होतं. त्यांचा चेहरा बदलला. ते खुर्ची ओढून बसले आणि विचारायला लागले. घरात उंदीर मेले का? नाही. बाहेरगावी गेला होता? नाही. घरात जनावरं आहेत का, कुत्र्यांशी, शेळ्यामेंढ्यांशी काही संबंध आला का?

मी तोंड उघडायच्या आत नानांनी उत्तर दिलं. आमच्या उंबऱ्याला कुत्र्याचा वारासुद्धा लागलेला नाही, म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडी घमेंड होती. डॉक्टर हुशार माणूस, त्यांनी नानांकडे न बघता मला पुन्हा विचारलं, "आप बोलिए. कुत्ते?"

नाना पलंगाच्या पायथ्याशी उभे. दारात सुभद्रा, तिच्या मागे माझी मुलगी यमू, आणि पार मागे, स्वयंपाकघराच्या चौकटीत, हातात पेजेचं भांडं घेतलेल्या गंगाबाई. शंभर वेळा आठवलंय मला ते. ताप होता, पण शुद्ध पक्की होती. भ्रमात बोललो असं म्हणायची सोय नाही.

"नाही," मी म्हणालो.

मग डॉक्टरांनी दुसरी वाट धरली. असं पुरळ आणणारा एक ताप उवांमुळे येतो, म्हणाले. दाटीच्या वस्तीत होतो. बाहेरून घरात कोण येतं, कुणाकडे आजारी माणूस आहे, असं त्यांनी विचारलं. सगळ्यांनी वळून गंगाबाईंकडे बघितलं.

आठवड्यापूर्वी त्या तीन दिवस बहिणीकडे राहून आल्या होत्या. बहीण अफझलगंजात धान्याच्या वखारींमागे राहायची आणि तिच्या पोराला ताप आला होता. उन्हाळ्यात पोरांना येतो तसा ताप. गंगाबाईंनी स्वतःच ते सुभद्रेला सांगितलेलं. तेवढं पुरलं.

आता हे नीट लक्षात घ्या. गंगाबाई वयाच्या सतराव्या वर्षी विधवा झालेल्या. दर पंधरा दिवसांनी न्हावी येऊन त्यांचं डोकं करून जायचा. पहाटे थंड पाण्याने अंघोळ, रोज धुतलेलं लुगडं. जिच्या डोक्यावर केस नाही तिच्यावर आमच्या घराने उवांचा आळ घेतला. उवा कपड्यांतही असतात, असं नाना म्हणाले. आणि मी, ज्याच्या नखांत गोचिडींचं रक्त गेलं होतं, पलंगावर पडून ते ऐकत होतो.

संध्याकाळी नानांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. रागावून नव्हे, अगदी सौम्यपणे. गंगाबाईंनी पेजेचं भांडं घासून पालथं घातलं. माझ्या खोलीच्या दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, लवकर बरे व्हा." मी डोळे मिटून घेतले, झोपलोय असं दाखवलं.

खिडकीतले मस्तानभाई

दुसऱ्या दिवशी सकाळी मला दवाखान्यात हलवायचं ठरलं. झटका यायचा होता. रस्त्याकडच्या खिडकीचे गज कुणीतरी वाजवले. बघतो तर मस्तानभाई. नामपल्लीच्या देवडीपासून चालत आले होते. त्यांनाही दोन दिवस बारीक ताप येऊन गेला होता. खिडकीतूनच, आवाज न उतरवता त्यांनी विचारलं, "डाक्टरसाब को चिचड्यां का बोले क्या?"

मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांना कळेना. मग मी हात जोडले. मस्तानभाईंनी गज सोडले, बिजली अजून उठत नाही म्हणाले आणि निघून गेले. वळलो तर यमू माझी चादर घडी घालत खोलीत उभी. चौदा वर्षांची होती. तिने सगळं ऐकलं होतं. "अण्णा, चिचड्यां म्हणजे गोचिडी ना?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, गप्प बस. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला तसं बोललो.

दवाखाना

दवाखान्यात मला वेगळ्या खोलीत ठेवलं. खिडकीतून मुसीचं पात्र दिसायचं, उन्हाळ्यात आटलेलं, मधे धोब्यांचे दगड. पहाटे नर्स येऊन तोंडात काचेची नळी ठेवायची, आकडा लिहायची आणि जायची. मग ओल्या फडक्याने अंग पुसणं. त्या फडक्याची मी दिवसभर वाट बघायचो. ताप चढला की छतावरचा पंखा खाली येतोय असं वाटायचं आणि मी ओरडायचो, असं नंतर कळलं. काय ओरडायचो ते मी कुणाला विचारलं नाही.

मरणाची भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगतो, तापाच्या भ्रमात बडबडून आपण कुत्र्याचं नाव घेऊ की काय, याची भीती जास्त होती.

जेवण घरून यायचं. आता स्वयंपाक सुभद्रेवर पडला होता. नानांचं सोवळं, माझी पेज, झटक्यातून दोन खेपा. तिच्या हाताला भाजल्याचे दोन डाग पडले. पेज कधी करपलेली, कधी नुसतं पाणी. एकदा माझ्या उशाशी बसून ती रडली. म्हणाली, "गंगाबाई असत्या तर निदान तुमच्या पोटात नीट गेलं असतं. पण त्यांनीच असं करावं ना." मी पेज प्यायलो.

चौदाव्या दिवशी ताप उतरला. घामाने गादी भिजली, आणि मला भूक लागली. त्या दिवशी डॉक्टर मिर्झा एकटेच आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं: कोठा, बिजली, अंगठा. मला वाटलं, हा माणूस आता म्हणेल की लपवल्यामुळे तुमचा जीव जायचा होता. तसं म्हणाले असते तर बरं झालं असतं. शिक्षा मला एकट्याला झाली असती.

त्यांनी माझा अंगठा हातात घेऊन बघितला. कुत्र्याचा ताप वेगळा असेल आणि तुमचा वेगळा, पण आणणारी गोचीड तीच, असं त्यांनी समजावलं. मग म्हणाले, "इलाज तो वही होता, वकीलसाब. मगर मैं जूएँ नहीं ढूँढता."

माझ्या खोटेपणाने माझं काहीच बिघडलं नव्हतं. बिघडलं ते फक्त गंगाबाईंचं.

घर

घरी आल्यावर आठवडाभराने मस्तानभाईंचा निरोप आला. मी दवाखान्यात असतानाच बिजली गेली, देवडीमागच्या चिंचेखाली पुरली. मी न्हाणीघरात जाऊन रडलो, पाण्याचा आवाज करून रडलो. तांब्या हातातच होता तेव्हा ध्यानात आलं, गंगाबाईंसाठी मी एकदाही रडलो नव्हतो. लाज म्हणजे काय ते मला तिथे कळलं.

त्या दिवशी सुभद्रेला सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी जे म्हणाली ते मी विसरणार नाही. "मला चार वर्षं वाटत होतं, देवडीत तुमची कुणी बाई आहे. विहिरीवर अंघोळ करून येता ते काय मला कळत नव्हतं? मी देवापुढे दिवे लावले हो. आणि कुत्री निघाली." मग म्हणाली, "बाई असती तर चार लोकांत सांगता तरी आलं असतं." या शहराचं तिने बरोबर ओळखलं होतं.

नानांना सांगायला मला अजून पाच दिवस लागले. ते उठले, अंघोळ केली, जानवं बदललं, मला बरं वाटल्याबद्दल घरात ठरलेली शांत दुसऱ्या दिवसावर ढकलली. मी म्हटलं, गंगाबाईंना परत बोलावतो. त्यावर म्हणाले, काय सांगून बोलावणार? त्या बाईवरचा आळ काढायचा तर घराण्याच्या तोंडाला काळं फासावं लागेल. घरातली गोष्ट घरात राहू दे. निवृत्त मुन्सिफाचा तो निकाल होता, आणि त्यावर अपील करायची हिंमत मला झाली नाही.

तरी मी त्यांना शोधायला निघालो. तोवर बातमी चार घरांत पसरली होती. सणासुदीला, श्राद्धपक्षाला जिथे जिथे गंगाबाई जायच्या तिथून त्यांना नकार आला होता. हिच्यामुळे वकिलाला ताप आला, म्हणून. नामपल्ली स्टेशनाजवळच्या एका धर्मशाळेत त्या सापडल्या. मोरीपाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची उष्टी भांडी घासत होत्या. अकरा वर्षं ज्यांच्या हातचं असल्याशिवाय नानांना अन्न गेलं नाही, त्या हातांना राख.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी भांडं खाली ठेवलं नाही.

"मला कशाला सांगताय, भाऊ?" त्या म्हणाल्या. "मी काही आणलं नाही हे मला माहीतच होतं. त्या चार घरी जाऊन सांगा."

मला वाटलं होतं, त्या रडतील, शिव्याशाप देतील नाहीतर क्षमा करतील. यातलं त्यांनी काहीच केलं नाही. भांडं घ्यायला मी पुढे केलेला हात त्यांना दिसलाच नाही असं करून त्या पुढचं ताट घासायला लागल्या.

चार घरं

तीन घरी मी गेलो. पहिल्या घरचे यजमान पोट धरून हसले. वकीलसाहेब, तुम्ही आणि कुत्री! दुसऱ्या घरी मला पाणीही विचारलं नाही, आणि मी निघाल्यावर ओसरी धुतल्याचा आवाज आला. तिसऱ्या घरच्या म्हाताऱ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि गंगाबाईंना चातुर्मासासाठी बोलावून घेतलं. एक घर तरी उघडलं.

चौथं घर राहिलं. तिथे यमूचं ठरत होतं. चांगलं घराणं, मुलगा शिकलेला. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता देण्याघेण्याच्या बोलण्यांचा दिवस उजाडला. आमच्याच बैठकीत सगळे बसले होते, नाना लोडाला टेकून. लग्नाच्या स्वयंपाकाला कोण, असा विषय निघाला. कुणीतरी म्हणालं, गंगाबाईंसारखी पुरणपोळी शहरात कुणाची नाही. होणाऱ्या विहीणबाईंनी नाक मुरडलं.

"ती नको बाई. तुमच्या घरी ताप तिनेच आणला होता ना?" आणि त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. टोमणा नव्हता त्यात. साधा प्रश्न होता.

नाना माझ्याकडे बघत होते. यमू बडीशेपेचं तबक घेऊन दारात आली होती. त्या दिवशी मला ताप नव्हता, कुणाची भीतीही तेवढी उरली नव्हती, आणि उत्तर काय द्यायचं ते पाठ होतं. तीन घरी देऊन आलो होतो.

"हो," मी म्हणालो.

यमूने तबक सगळ्यांपुढे फिरवलं. माझ्यापुढे थांबली नाही. लग्न थाटात झालं. स्वयंपाकाला आचारी गुलबर्ग्याहून आले.

आता ती सासरी सुखात आहे. व्याह्यांकडे हे मासिक येतं आणि दुपारी मोठ्याने वाचलं जातं, हे मला माहीत आहे. म्हणून छापायला देण्याआधी मी यमूला सगळा मजकूर पाठवला आणि विचारलं, तुझ्या घरात तुला त्रास होईल, काय करू. तिचं दोन ओळींचं उत्तर आलं. त्रास होईल, मी बघीन, असं लिहिलंय. आणि गंगाबाईंचं नाव बदलू नका.

बदललेलं नाही.